श्रावणातले बिबडे

"आते ती बरी शे ताई, मंग गोया कसाले?"

खान्देशात समुपदेशकाच्या खुर्चीत बसलं की हा प्रश्न आठवड्यातून चार वेळा तरी ऐकावा लागतो. अहिराणीत ळ चा य होतो म्हणून 'गोया', एरवी शहरातल्या शिकलेल्या माणसांचा प्रश्नही हाच असतो. मला तो विचारणारा होता अमळनेर तालुक्यातला एक कापूस पिकवणारा शेतकरी. ही गोष्ट त्याची, त्याच्या बायकोची आणि खरं तर त्याच्या आईची. ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. बायकोला आपण सुनंदा म्हणू. तिला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी उन्मादात चढतं, कधी उदासीत बुडतं.

सुनंदाला धुळ्याला आणलं तेव्हा श्रावण होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई, म्हणजे खान्देशची देवी, बसली होती. रात्रभर जागरण, गाणी, फुगड्या. सुनंदाच्या अंगात आलं, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं. सुनंदा मात्र त्या रात्री झोपली नाही, मंगळवारीही नाही. बोलणं थांबेना, एका विषयावरून दुसऱ्यावर उडी. बचत गटातून तीस हजार उचलले, सुरतेला पापड पाठवायचा धंदा काढते म्हणून गावभर सांगितलं, आणि कुणी थांबवलं की अंगावर धावून जायची.

हे सगळं नवरा सांगत होता. सासूबाई कोपऱ्यात पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे वळले तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, रात्री दोन वाजता मी उठले तर चुलीवर मोठं पातेलं. चाळीस किलो ज्वारी भिजत घातलेली. म्हणे बिबडे घालते. श्रावणात बिबडे कोणी घालतं का? ऊन कुठंय वाळवायला?"

बिबडे ज्यांना ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी: ज्वारी तीन दिवस भिजवायची, भरडायची, लसूण-मिरची-तीळ घालून शिजवायची आणि ओल्या कापडावर थापून कडक उन्हात वाळवायची. हे चैत्र-वैशाखाचं काम. डॉक्टरांनी त्यांच्या पद्धतीने लक्षणं मोजली: आठवड्याहून अधिक काळ चढलेली मन:स्थिती, दोन तासांच्या झोपेवरही न येणारा थकवा, उधळा खर्च, धावते विचार. माझ्यापुरतं निदान सासूबाईंच्या त्या एका वाक्यात झालं होतं. काम चांगलंच होतं, त्याचा हंगाम सुटला होता.

सासूबाईंच्या मते मात्र हे अंगात आलेलंच होतं. मी वाद घातला नाही. विचारलं, "तुमच्या गावात अंगात आलेलं उतरतं कधी?"

"घटकाभरात. पाणी पाजलं की बाई शुद्धीवर येते, सैपाकाला लागते."

"आणि हिचं?"

त्यांनी बोटं मोजली. "आज नववा दिवस." मग स्वतःच म्हणाल्या, "भरती करा."

मागचं खोदलं तेव्हा बाकीचं चित्र उलगडलं. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, आषाढापर्यंत सुनंदा अंथरुणाला खिळल्यासारखी होती. वेणी घालत नव्हती, 'मी मेले तर बरं' म्हणायची. जवळच्या डॉक्टरांनी उदासीवरची गोळी दिली होती. धाकट्याच्या बाळंतपणानंतरही आठ-दहा दिवस ती 'फारच उत्साहात' होती म्हणे. ते कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. माणूस डॉक्टरकडे जातो तो पडल्यावर, चढल्यावर नाही. म्हणून हा आजार पुष्कळदा नुसतं नैराश्य म्हणून वर्षानुवर्षं फिरत राहतो. आणि बायपोलर असलेल्याला उदासीवरची गोळी एकटीच दिली, तर काही जणांना ती थेट उन्मादात ढकलू शकते. त्यात जागरणाची भर. एका रात्रीची झोप मोडणंही अशा माणसाला पुरतं.

नवऱ्याला मी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आपल्या कापसासारखं. तेजी-मंदी." इतका नेमका शब्द मला आजवर सुचला नव्हता, तेव्हापासून मी तोच वापरते.

डॉक्टरांनी लिथियम सुरू केलं, सोबत काही आठवडे चढ उतरवणारं दुसरं औषध. मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट हे या आजारातलं दुसरं औषध शक्यतो देत नाहीत, गर्भाला फार धोका असतो, म्हणून ते बाजूला राहिलं. लिथियमचं नाव ऐकून नवरा दचकला. मोबाइलच्या बॅटरीत असतं तेच ना? तेच, पण क्षार म्हणून. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांवर ते वापरल्याचं लिहिलं, आणि आजही तेजी-मंदी दोन्ही रोखण्यात आणि आत्महत्येचा धोका कमी करण्यात त्याच्या तोडीचं औषध शोधावं लागतं. अडचण एकच. रक्तात ते लिटरमागे साधारण 0.6 ते 1.0 मिलिमोल इतकंच हवं. कमी पडलं तर उपयोग नाही, दीडच्या पुढे गेलं की विष. म्हणून रक्ततपासणी, तीही शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. सुनंदा सकाळची गोळी न घेता पहिल्या एसटीने यायची, रक्त द्यायची, मग बाकावर बसून डब्यातली भाकरी आणि गोळी. सहा महिन्यांनी थायरॉइड आणि किडनीचीही तपासणी.

हिवाळ्यात ती छान सावरली. रक्तातलं प्रमाण 0.8. आणि मग नवऱ्याचा तो प्रश्न आला.

पूर्वी मी अशा वेळी मधुमेहाचं उदाहरण द्यायचे. हल्ली देत नाही. त्याने सरळ सांगितलं, "शुगर मशीनवर दिसते ताई, हे कुठं दिसतं?" मग मी बोंडअळीकडे वळले. अळीचे पतंग पकडणारे कामगंध सापळे तू कधी लावतोस, अळी दिसल्यावर की आधी? तो हसला, पण त्याला पटलं असं मला वाटलं नाही. एकदा उन्माद येऊन गेलेल्यांपैकी बहुतेकांना तो पुन्हा येतो, आणि लिथियम एकदम तोडलं तर परत येण्याची शक्यता आणखी वाढते, हेही सांगितलं. बंद करायचंच असेल तर डॉक्टरांसोबत बसून, महिने घेऊन, हळूहळू. जाता जाता त्याने दारात विचारलं, "पोरीला होईल का?" आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलांतल्या दहांपैकी साधारण एकाला होतो, म्हणजे नऊ जणांना नाही. त्याच्यासाठी खरा प्रश्न हाच होता असं मला आजही वाटतं.

इथवर सगळं मी शिकले होते तसंच चाललं होतं. चुकले ते पुढे.

गोळी चुकवू नका, झोप मोडू नका, हे मी शंभरदा सांगितलं होतं. उन्हाळ्यात तुम्ही दिवसभर काय करता, हे एकदाही विचारलं नव्हतं. खान्देशात राहून! आखाजी जवळ आली, नणंदा माहेरी यायच्या होत्या, त्यांच्याबरोबर द्यायला बिबडे हवेत. आता हंगाम बरोबर होता. सुनंदा सकाळी आठपासून धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, डोक्यावर पंचेचाळीस अंशांचं ऊन. सारखं खाली उतरावं लागतं म्हणून पाणी कमी. सासूबाईंचा बीपी वाढल्यापासून घरात मीठही कमी. त्यात कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेल्या आयबुप्रोफेनच्या गोळ्या, दिवसाला तीन, पाच दिवस.

किडनी लिथियमला मिठासारखंच वागवते. अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की ती मीठ धरून ठेवते, सोबत लिथियमही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी ते बाहेर पडणं आणखी मंदावतं. पॅरासिटामॉल चाललं असतं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते सासूबाईंच्याच. सुनंदाचा बिबडा गोल येईना. लिथियमवर बोटांना बारीक कंप असतोच, पण आता हाताचा अख्खा पंजा हलत होता, पीठ कापडाबाहेर जात होतं. दुपारी उलट्या, जुलाब. घरच्यांनी ऊन लागलं म्हणून पन्हं पाजलं. नवऱ्याने मला फोन केला तो वेगळंच विचारायला, "पोटात काही राहत नाही, रात्रीची गोळी देऊ का?"

मी विचारलं, "चालताना तोल जातो का?"

"दारू पिल्यासारखी चालते ताई. जीभ पण जड झाली."

गोळी देऊ नका, आत्ता निघा, म्हणाले. रात्री अकराला ती धुळ्यात दाखल झाली. प्रमाण 1.9. लिथियम थांबवून सलाइन लावलं, चौथ्या दिवशी 0.7 वर आलं. पुढे डॉक्टरांनी कमी मात्रेत पुन्हा सुरू केलं. वॉर्डाबाहेर नवरा कबूल झाला की आखाजीनंतर गोळ्या बंद करायचं त्याने मनात ठरवलं होतं. आता तर औषधच वैरी वाटायला हवं होतं. पण त्याने विचारलं, "म्हणजे पाणी किती प्यायला पाहिजे?" 'गोळ्या कसाले' पासून 'पाणी किती' पर्यंत यायला आम्हाला काही महिने लागले.

त्या आठवड्यापासून लिथियमवरच्या प्रत्येकाला मी होळीनंतर तीन गोष्टी विचारते: उन्हात किती तास, घरात मीठ किती, दुखलं तर कोणती गोळी. आणि रात्री-बेरात्री कुणी हाताशी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर औषधाच्या पाकिटावरच लिहून देते.

पुढच्या श्रावणात कानबाई बसली तेव्हा सासूबाईंनी साडेदहाला सुनंदाला मागच्या खोलीत झोपायला पाठवलं, आणि ढोलकीवाल्या बायांना ओट्यावर हलवलं. शेजारणी कुजबुजल्या. "कानबाई माझ्या घरची आहे, तिला चालतं," असं त्या म्हणाल्या म्हणे.

आता बिबडे सकाळी सहा ते नऊ, एका वेळी पाच किलो, शेजारी पाण्याचा तांब्या. यंदा माझ्यासाठीही एक पुडी आली. उघडली तर एकही बिबडा धड गोल नव्हता. तळून घरात सगळ्यांना दिले. माझ्या आईने, जी मूळची चोपड्याची, दुसरा उचलताना विचारलं, "कोनी घाल्यात?"