सह्याद्रीचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे का दिसतात?

हा आकार लाव्हारसाच्या थरांमुळे आला आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीतील लांबच लांब भेगांतून लाव्हारस वारंवार बाहेर येऊन पसरला आणि थिजला, आणि बेसाल्टचे थर एकावर एक साचत गेले. प्रत्येक थराचा गाभा कठीण असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र राहून लवकर झिजतो. म्हणून पावसापाण्याने मऊ भागाचे उतार व सपाट्या झाल्या आणि कठीण भागाचे उभे कडे उरले. दोन थरांमध्ये कोठे कोठे दिसणारा लाल मातीचा पट्टा मला विशेष बोलका वाटतो, कारण दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेल्याची ती खूण मानली जाते. या खडकांच्या ‘डेक्कन ट्रॅप’ या नावातील ‘ट्रॅप’देखील जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.