आधी माप, मग दाम : डाउनहिल बाईकचा मागचा शॉक

या वेळी आलेल्या पत्रांत डाउनहिल बाईकच्या (डोंगरउतारावर वेगाने चालवायच्या सायकलच्या) मागच्या शॉकबद्दल, म्हणजे धक्के झेलणाऱ्या भागाबद्दल, बरंच विचारलं गेलंय. नवा शॉक महाग पडतो आणि चुकीचा घेतला तर फ्रेमही जाते. म्हणून हा अंक त्यालाच दिलाय.

माझ्याकडे 2012 सालची वापरलेली डाउनहिल बाईक आहे, मागचा ट्रॅव्हल (चाक जास्तीत जास्त वर-खाली होण्याचं अंतर) 203 मिमी. शॉकमधून तेल गळतं आणि दाबून सोडला की दांडा उसळून बाहेर येतो. नवा नामांकित शॉक बाईकच्या निम्म्या किमतीला पडतोय. स्वस्तात काय बसेल? शॉकवरचं लेबल पुसलं गेलंय. – पुणे

आधी हा शॉक खरोखरच बाद झालाय का, ते बघा. तो फ्रेममधून काढा, प्रीलोडची (स्प्रिंग आधीच थोडा दाबून ठेवणारी) रिंग पूर्ण सैल करा, स्प्रिंगखालची चकती सरकवून स्प्रिंग उतरवा. दांडा फडक्याने स्वच्छ पुसा आणि त्यावरून नख आडवं-उभं फिरवा. नख कुठे अडलं, तर तिथे ओरखडा खोल गेलाय. असा दांडा नवीन सीलसुद्धा थोड्याच राइड्समध्ये कापतो. नख कुठेच अडत नसेल, तर सील किट आणि तेल बदलून हाच शॉक वाचू शकतो, आणि त्याहून स्वस्त पर्याय नाही. दांडा उसळतो, कारण गळालेल्या तेलाच्या जागी हवा शिरली आहे. आतल्या बारीक छिद्रांतून तेल कष्टाने जातं, हवा मात्र सहज जाते, त्यामुळे रिबाउंडला (दबलेला शॉक परत बाहेर येण्याला) काही रोधच उरत नाही. हे काम घरी मात्र करू नका. बाजूच्या टाकीत नायट्रोजन मोठ्या दाबाने भरलेला असतो. ती टोपी नुसती फिरवली तरी अंगावर उडू शकते.

दांडा गेला असेल तर बदलीचा शॉक शोधा. किंमत बघण्याआधी चार मापं कागदावर हवीत.

पहिलं माप आय-टू-आय, म्हणजे दोन्ही टोकांच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. भोकाचा मध्य नजरेने साधत नाही. म्हणून एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्याच कडेपर्यंत मोजा, भोकं सारखी असतील तर तेच उत्तर येतं. दुसरं माप स्ट्रोक, म्हणजे दांडा किती आत जातो ते. उघडा दांडा मोजताना खालचा रबरी बंप-स्टॉपही मोजला जातो. तो पूर्ण चपटा होत नाही, म्हणून माप जरा जास्त भरतं: 79–80 मिमी आलं तर तो बहुधा 76 चा शॉक आहे. तिसरं माप फ्रेमच्या कानांमधली (शॉकचं टोक ज्यांच्यामध्ये बोल्टने बसतं त्या दोन पट्ट्यांमधली) रुंदी, आणि चौथं बोल्टची जाडी (बहुतेक ठिकाणी 8 मिमी). ही दोन व्हर्नियर कॅलिपरनेच घ्या, टेपने नाही.

त्या काळातल्या 200 मिमीच्या आसपास ट्रॅव्हलच्या बाईकवर 9.5 × 3 इंच (241 × 76 मिमी, काही जण 240 × 76 लिहितात) किंवा 8.75 × 2.75 इंच (222 × 70 मिमी) ही मापं जास्त दिसतात; पहिला आकडा आय-टू-आय, दुसरा स्ट्रोक. पुढे मेट्रिक मापं आली: 230 × 65, 250 × 75 वगैरे, आणि वरचं टोक थेट बोल्टने धरणारी ट्रनियनची 205 × 65, 225 × 75. दुकानात नवी मापं सहज मिळतात, म्हणून '222 च्या जागी 230 चालेल' असा सल्ला कानावर येतो. चालत नाही. तुमच्या बाईकचा लीव्हरेज (चाकाचा ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक, इथे 203 भागिले 70) साधारण 2.9 धरला, तर शॉक 8 मिमी लांब झाल्यावर मागचं चाक 23 मिमी खाली ढकललं जातं. बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस बसतो तो भाग) साधारण दीड सेंटिमीटर वर येतो, हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कोन) एक अंशाने उभा होतो. उतारावरची बाईक ज्या दोन गोष्टींमुळे शांत राहते, त्याच हातातून जातात.

स्ट्रोक जास्त असणं तर जास्त धोक्याचं. 5 मिमी जादा स्ट्रोक म्हणजे चाकाला जवळजवळ 14 मिमी जादा ट्रॅव्हल, आणि पूर्ण दबल्यावर टायर थेट सीट ट्यूबवर (सीटखालच्या नळीवर) आपटू शकतो. स्ट्रोक कमी असला तर थोडा ट्रॅव्हल जातो, फ्रेम मात्र वाचते.

आता काय घ्यायचं. 241 × 76 किंवा 222 × 70 मध्ये आमचं मत साध्या कॉइल शॉकच्या (धातूच्या वेटोळ्या स्प्रिंगच्या शॉकच्या) बाजूने आहे. रॉकशॉक्स केज आरसी किंवा फॉक्स व्हॅन आरसी यांसारखे, ज्यांना रिबाउंडचं एक आणि कॉम्प्रेशनचं (शॉक दबण्याच्या रोधाचं) एक बटण आहे. आत भाग कमी, म्हणून बिघडायला कमी आणि दुरुस्तीला सोपं. रॉकशॉक्स विविड आर2सी जास्त चांगला चालतो, पण त्याला रिबाउंडची दोन वेगळी बटणं आहेत. ती नीट लावता आली नाहीत तर पैसे वाया. नव्यात मार्झोची बॉम्बर सीआर हा त्याच साध्या घराण्यातला. 2015 मध्ये मार्झोचीचा सायकल विभाग फॉक्सकडे गेला, त्यानंतरचा हा शॉक आहे. चार बटणांचा थकलेला शॉक घेण्यापेक्षा दोन बटणांचा सुस्थितीतला घ्या.

वापरलेला घेत असाल तर विक्रेत्याकडून फोटोवर समाधान मानू नका, स्प्रिंग काढलेल्या शॉकचा व्हिडिओ मागा. दांडा हाताने आत दाबून सोडला की तो स्वतःहून, एकसारख्या गतीने पूर्ण बाहेर यायला हवा. मध्येच थांबला किंवा आतच राहिला, तर गॅस गेलाय. दाबताना 'चुळुक-चुळुक' आवाज आला, तर तेलात हवा आहे. रिबाउंड पूर्ण बंद आणि पूर्ण उघडं ठेवून दोनदा दाबायला सांगा, गतीत स्पष्ट फरक पडलाच पाहिजे. भोकातला बुश (बोल्टभोवतीची कडी) ढिला असेल तर घाबरू नका, तो स्वस्तात बदलतो. फक्त तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या.

माउंटिंगचे (शॉक फ्रेमच्या कानांत धरणारे) तुकडे जुन्या शॉकचे काढून लावू नका, ते वेगळ्या भोकाचे असू शकतात; नवे घ्या. त्यांची रुंदी कानांमधल्या मापापेक्षा 0.2–0.3 मिमी जास्त भरली तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू सारख्या घासा. कमी भरली तर ते तुकडे परत करा. बोल्ट आवळून फट मिटवली की फ्रेमचे कान आत वाकतात आणि वेल्डपाशी तडा जातो.

शेवटी शॉक स्प्रिंगशिवाय बसवा आणि मागचं चाक हाताने पार वरपर्यंत उचला. टाकी फ्रेमला घासते का? टायर सीट ट्यूबला किंवा सीटला लागतो का? हळूहळू, दोन-तीनदा बघा. टाकी लागत असेल तर शॉक उलटा बसवून बघता येतो. तरीही लागली, तर तो शॉक तुमच्या फ्रेमचा नाही.

वजन 62 किलो. सेकंडहँड बाईकवर 450 चा (एक इंच दबायला 450 पौंड लागणारा) स्प्रिंग आहे. मागचं चाक दगडांवर उड्या मारतं. प्रीलोड पूर्ण सैल केला तरी सॅग (बसल्यावर वजनाने शॉक किती दबतो ते) 15 मिमीच्या वर जात नाही. शॉक बदलू का? शॉक 76 मिमी स्ट्रोकचा, बाईक 203 मिमीची. – कोल्हापूर

शॉक तसाच ठेवा, स्प्रिंग बदला. हेल्मेट, पॅड, पाणी धरून तुमचं वजन 68 किलो समजू, म्हणजे 150 पौंड. उतारावरच्या पोझिशनमध्ये त्यातला साधारण 65 टक्के भार मागे येतो: 97 पौंड. लीव्हरेज 203 भागिले 76, म्हणजे 2.67. शॉकवरचा भार 260 पौंड. डाउनहिलला सॅग 30 टक्के हवा, म्हणजे 3 इंचांतला 0.9 इंच. 260 ला 0.9 ने भागलं की 289. तुम्हाला 300 चा स्प्रिंग लागतो. 450 वर हाच हिशेब 14.7 मिमी सॅग देतो, तुम्ही मोजलेत तेवढाच.

स्प्रिंगवर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ 300 × 3.0. दुसरा आकडा शॉकच्या स्ट्रोकइतका किंवा जास्त हवा. कमी असेल तर वेटोळी एकमेकांवर टेकतात आणि शॉक मध्येच आदळतो. स्प्रिंगचा आतला व्यासही मोजून घ्या, सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. बसवल्यावर प्रीलोड एक ते दोन फेरे, त्याहून नाही. दोन फेऱ्यांनंतरही सॅग जास्तच असेल तर 325 घ्या, रिंग पिळत बसू नका. मऊ स्प्रिंग लावल्यावर रिबाउंड एक-दोन क्लिक उघडायला विसरू नका, नाहीतर सलग दगडांत चाक वर यायच्या आत पुढचा दगड येतो.

ऑनलाइन 190 मिमीचा '850 पौंड' शॉक अगदी स्वस्त मिळतोय. माझ्या उतारावरच्या बाईकला लावू का? – सातारा

नको. यातल्या बहुतेकांत नुसता स्प्रिंग असतो, तेलाचं डॅम्पिंग (उसळी आवरणारा रोध) नसतंच. दगडावरून उतरताना साठलेला सगळा जोर स्प्रिंग एका झटक्यात परत देतो, मागचं चाक उसळतं आणि तुम्ही हँडलवरून पुढे. शिवाय वरच्या हिशेबाप्रमाणे 850 चा स्प्रिंग फार जड माणसालाच लागेल. असे शॉक गावात फिरवायच्या सायकलींसाठी असतात, तिथेच राहू द्या.

कॉइलऐवजी एअर शॉक (स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा असलेला) घेऊ का? वजन कमी होईल. – व्हँकुव्हर, कॅनडा

शॉक दबत जाईल तशी फ्रेम शेवटी-शेवटी कडक होत जाणारी असेल तर कॉइल ठेवा. लांब उतारावर एअर शॉक तापतो आणि त्याचा स्वभाव बदलतो, कॉइलमध्ये हा त्रास कमी. फ्रेम सपाट लीव्हरेजची (शॉक दबताना लीव्हरेज फारसा न बदलणारी) असेल आणि कॉइल सारखा तळाला आदळत असेल, तर एअर शॉक योग्य. त्यात प्लॅस्टिकचे टोकन टाकून शेवटचा भाग कडक करता येतो. शॉक आणि लिंकच्या (मागचा भाग हलवणाऱ्या सांध्याच्या) मध्ये लांब योक (जोडणारा तुकडा) असलेल्या फ्रेमवर कॉइल लावण्याआधी फ्रेमच्या कंपनीची परवानगी बघा. तिथे दांड्यावर आडवा जोर येतो आणि दांडा वाकू किंवा तुटू शकतो.

पावसाळ्यात सील लवकर जातं. काय चुकतं? – रत्नागिरी

बहुधा धुणं. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पाइप सीलवर मारला की जांभ्याची बारीक माती सीलच्या ओठाखाली ढकलली जाते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. बादली, मऊ ब्रश, साधं पाणी. मग दांडा पुसा, सीलच्या कडेला सस्पेन्शनच्या तेलाचा एक थेंब टाका, दोनदा दाबा आणि वर आलेला काळा गाळ पुसून घ्या. चेनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे तिथे वापरू नका, त्यांनी सील फुगू शकतं. नवीन शॉक असेल तर पहिल्या राइडनंतर दोन्ही बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, फ्रेमवर छापलेल्या आकड्याप्रमाणे.