खिडकी मिळाली, पण कोणत्या बाजूची?

प्रश्न : जूनमध्ये आम्ही उभयता दिल्लीहून लेहला जाणार आहोत. विमान सकाळी साडेसहाचं, ए३२० जातीचं आहे. हिमालय नीट दिसायला कोणती खिडकी आणि कितवी ओळ घ्यावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : जाताना डावी, म्हणजे ‘ए’. लेह दिल्लीच्या जवळजवळ सरळ उत्तरेला असल्याने विमान हिमालय आडवा ओलांडतं आणि डोंगर दोन्हीकडे दिसतात. फरक पडतो उन्हामुळे. सकाळी सूर्य उजवीकडे असतो. त्या खिडकीत तिरीप थेट डोळ्यांवर येते, काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो आणि शिखरं नुसती काळपट दिसतात. डावीकडे तेच ऊन तुमच्या पाठीमागून शिखरांवर पडतं. मग बर्फाच्या घड्या आणि हिमनद्यांवरचे मातकट पट्टेसुद्धा सुटे सुटे दिसतात.

उड्डाणानंतर साधारण अर्ध्या तासात डोंगर लागतात : आधी हिरव्या रांगा, मग बर्फ, मग झंस्कारचे उघडेबोडके तपकिरी कडे. या शेवटच्या टप्प्यात डावीकडे दूरवर नुन (७,१३५ मीटर) आणि कुन (७,०७७ मीटर) शोधा. आसपासच्या रांगेतून ही जोडी एकदम वर उठलेली दिसते. उतरताना मात्र विमान बहुधा सिंधूच्या खोऱ्यातून पूर्वेकडे येतं, तेव्हा स्टोकची रांग उजवीकडे राहते. तेवढ्यासाठी बाजू बदलू नका. दुसऱ्यासाठी शेजारची ‘बी’ घ्या आणि डोंगर लागल्यावर, पट्ट्याचा दिवा बंद असेल तर, आपसांत जागा बदला.

ओळ पाचवी ते सातवी. साधारण नवव्यापासून विसाव्या ओळीपर्यंत खाली पंखच दिसतो. पंखाच्या मागे जागा मोकळी असली, तरी इंजिनाच्या गरम झोतामुळे दृश्य पाण्यातून पाहिल्यासारखं हलतं. आणखी एक अडचण : या विमानात खिडक्या दर २१ इंचांवर असतात आणि खुर्च्यांच्या ओळी दर २८ ते ३० इंचांवर. त्यामुळे काही ओळींत खिडकी खांद्याच्या मागे जाते. जागांच्या नकाशावर हे कळत नाही, म्हणून त्या विमानाचे आतले फोटो आधी पाहून घ्या.

परतीला अक्षर बदलतं. दुपारच्या वाऱ्यामुळे लेहची विमानं बहुतेक सकाळीच सुटतात, म्हणून त्याच शिखरांसाठी तेव्हा उजवी खिडकी, म्हणजे ‘एफ’.

प्रश्न : मुक्तिनाथच्या यात्रेत काठमांडू ते पोखरा विमानाने जाणार आहोत. कुठे बसावं? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : जाताना उजवीकडे, येताना डावीकडे. विमान पश्चिमेला जातं आणि बर्फाची रांग उत्तरेला असते. गणेश हिमाल, मनास्लू, मग अन्नपूर्णा आणि माच्छापुच्छ्रे असा क्रम. या मार्गावरच्या एटीआर विमानाचे पंख छताशी असतात, त्यामुळे खालचं मोकळं दिसतं, पण मधल्या ओळींत इंजिन आडवं येतं. मागच्या ओळी घ्या.

प्रश्न : मोबाइलवर काढलेल्या फोटोंत काचेतलं प्रतिबिंबच येतं. काय करावं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : गडद शर्ट घाला, फ्लॅश बंद ठेवा. डोकं टेकून झोपणाऱ्यांच्या केसांच्या तेलाचा डाग आतल्या काचेवर हमखास असतो. तो मऊ कोरड्या फडक्याने पुसा. मोबाइल काचेच्या अगदी जवळ धरा, पण टेकवू नका, नाहीतर विमानाची थरथर फोटोत उतरते. कॅमेऱ्यावर पोलरायझर (चकाकी कमी करणारी फिल्टरची काच) असेल तर काढून ठेवा : खिडकी अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकची असते आणि पोलरायझरमधून तिच्यावर इंद्रधनुषी पट्टे दिसतात.