वरण आधी घट्ट कर, पावडरचं मग बघू

कॅलगरीहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. माहेर नाशिकरोडचं. ती लिहिते, "मुलगा १४ वर्षांचा आहे, हॉकी खेळतो. कोच म्हणतात प्रोटीन कमी पडतंय, पावडर सुरू करा. पण ताई, मी रोज वरण करते. एक वाटी डाळ लावते, चौघांना दोन्ही वेळ पुरते."

अगं, पुरते कशी ते बघ. वाटीत १५० ग्रॅम डाळ धर. चौघं, दोन वेळा, म्हणजे माणशी एका वेळेला १९ ग्रॅम डाळ आणि तिच्यात जेमतेम ४ ग्रॅम प्रथिनं. बाकी सगळं पाणी आणि फोडणी. तुला रागावत नाही; न्यू जर्सीत मीही कित्येक वर्षं याच समाधानात होते. माझा मोठा १५ वर्षांचा असताना शाळेतून आला की सोफ्यावर आडवा व्हायचा. मी पावडरचे महागडे डबे आणले. मग पंचवटीहून माझी आई आली. पहिल्याच रात्री तिनं पळी वरणात बुडवून वर धरली. सगळं पाणी घसरून गेलं, पळीला डाळीचे चार कण राहिले. "हे पोराला जेवायला आहे की हात धुवायला?" एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून घरात माणशी एक मूठ कोरडी डाळ किंवा कडधान्य, हा हिशेब सुरू झाला आणि महिन्याभरात पोरगा संध्याकाळी बॉल घेऊन बाहेर पळायला लागला.

आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२० च्या तक्त्यानुसार १३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. ५० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ १२ ग्रॅम देते. चार पोळ्या १३, पेलाभर दूध ८, वाटीभर दही ५, मूठभर शेंगदाणे ७. झाले की ४५! खेळणारा मुलगा आहे, तेव्हा वर थोडं पनीर नाहीतर सोयाबीन दे. गव्हात लायसिन हा प्रथिनाचा एक घटक कमी असतो, तो कडधान्यातून मिळतो. दोन्ही एकाच घासात हवं असं नाही, दिवसभरात पोटात गेलं की झालं. साबुदाण्याच्या खिचडीत मात्र जे काही प्रथिन आहे ते दाण्याच्या कुटाचं, हे लक्षात ठेव.

"इथल्या थंडीत मटकीला मोडच येत नाहीत," असं तू लिहिलंयस. नाशिकच्या डिसेंबरातही येत नाहीत गं सहजी. आई भिजवलेली मटकी निथळून जुन्या पंचात घट्ट बांधायची आणि ते गाठोडं गोधडीत गुंडाळून ठेवायची. न्यू जर्सीत तिनं ते बंद ओव्हनमध्ये ठेवून नुसता आतला दिवा लावला. सकाळी फडक्यातून मोड बाहेर आले होते! मोडांनी प्रथिनं फारशी वाढत नाहीत, पण पचायला हलकं होतं. उसळ नीट शिजव, कच्चे मोड डब्यात देऊ नकोस. आणि मटकी नाहीच मिळाली तर मसूर आहे. भारतात आयात होणारा बराचसा मसूर तुझ्या शेजारच्या सस्काचेवानचा. तो न भिजवताही शिजतो. मग अडलंय कुठे?

पावडर म्हणजे विष नाही, बहुतेक डब्यांत व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतलंच प्रथिन असतं. पण ताट भरल्यावर. त्याआधी डॉक्टरांकडून त्याचं बी-१२ आणि लोह तपासून घे. बी-१२ डाळीत नसतंच, तिथे माझी मूठही कामाची नाही.

"सासूबाईंशी तो इंग्रजीतच बोलतो" म्हणतेस. त्यांच्यासोबत त्याला शेंगा सोलायला बसव, बोलेल. उन्हाळ्यात इकडे याल त्या तीन आठवड्यांत वणी, नाशिक, पुणे सगळं बसत नसेल तर वणी सोडू नकोस, पुणेकरांना नाशिकला बोलाव. आणि बुधवार मोकळा ठेव. नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, बाजार भरतो, आपण दोघी मिळून मटकी घेऊ.