तास कौन्सिलचे, पण पोस्टिंग आपल्या हातात

प्रश्न : मी कोल्हापुरात एका नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे. बीएस्सी नर्सिंगचा मास्टर प्लॅन, म्हणजे कधी लेक्चर, कधी लॅब, कधी वॉर्ड याचा आराखडा, बनवायच्या कमिटीत मला घेतलंय. सीनियर म्हणतात इंडियन नर्सिंग कौन्सिलचा सिलॅबस जसाच्या तसा उतरवा, इन्स्पेक्शनला तेवढंच बघतात. मग आम्ही ठरवायचं काय? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, ठरवण्यासारखं भरपूर आहे. विषय, तास, क्रेडिट यांना हात लावता येत नाही हे खरं. २०२१ च्या नव्या सिलॅबसमध्ये आठ सेमिस्टर झाली आणि हिशोब असा की थिअरीचं १ क्रेडिट म्हणजे २० तास, लॅबचं ४०, क्लिनिकलचं, म्हणजे पेशंटजवळच्या प्रत्यक्ष कामाचं, ८०. पहिल्या सेमिस्टरचं नर्सिंग फाउंडेशनच घ्या, थिअरी १२० तास, लॅब ८०, वॉर्ड १६०. यात काटछाट नको, कागदावर भरून तर मुळीच नको. पण ते १६० तास कुठल्या वॉर्डात, कुणाच्या हाताखाली आणि लॅबमध्ये काय झाल्यावर, हे तुमची कमिटी ठरवते आणि माझ्या मते मुली घडतात त्या तिथंच.

बहुतेक ठिकाणी आधी लेक्चरचं टाइमटेबल बसवतात मग उरेल त्या जागेत पोस्टिंग, म्हणजे मुलींना वॉर्डात किंवा गावात प्रत्यक्ष कामाला पाठवणं, कोंबतात. तुम्ही उलटं करा, आधी पोस्टिंग लावा. लॅबमध्ये मैत्रिणीचं बीपी घेताना सगळं सोपं वाटतं, पण वॉर्डात हात सुजलेल्या, घाबरलेल्या आजींना कफ बांधला की स्टेथोस्कोपमधून धड काही ऐकूच येत नाही, आणि शिकून दोन महिने झाले असतील तर मुलगी अंदाजे आकडा लिहून मोकळी होते. म्हणून लॅब आणि वॉर्डात आठवड्याच्या वर अंतर नको.

कम्युनिटी हेल्थ पाचव्या आणि सातव्या सेमिस्टरला येतं. वर्ष वेळेवर सुरू झालं तर हे दिवस पावसाळ्यापासून ऊसतोडीपर्यंतचे. मग सुरुवातीची पोस्टिंग शिरोळच्या पूर येणाऱ्या गावात लावा, पाण्याचं क्लोरिनेशन, जुलाबाचे पेशंट, छावणीतल्या म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, २०१९ ला हे सगळं जिल्ह्यानं भोगलंय. कारखाने सुरू झाले की तोडणी मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर न्या, तिथं गरोदर बायकांची तपासणी आणि पोरांच्या लसी गाव सुटल्यामुळं राहून जातात. पन्हाळा-शाहूवाडीकडं सर्पदंशाचं प्रथमोपचार शिकवा. सिलॅबसची कौशल्यं तीच, फक्त पेशंट आपल्या भागातले.

इन्स्पेक्शनची भीती असेल तर प्रत्येक पोस्टिंगसमोर त्यातून सिलॅबसमधली कुठली कौशल्यं होणार ते लिहा आणि लॉगबुकात त्याच क्रमानं सह्या घ्या. कॉलेज नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली असेल तर परीक्षा त्यांच्या पद्धतीनंच, अभिमत (डीम्ड) विद्यापीठाचं असेल तर त्यांच्या बोर्ड ऑफ स्टडीजपुढं, म्हणजे अभ्यासक्रम बघणाऱ्या मंडळापुढं हा आराखडा ठेवा. आणि पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मेडिकल ऑफिसरांशी सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच बोला, ऐनवेळी परवानगीचं पत्र घेऊन गेलं की मुलींना नुसतं एका कोपऱ्यात बसवतात.