ताईच्या पुस्तकातली पुसलेली उत्तरं

"मॅडम, दोघांना एकाच घरात वाढवलं. एक वस्तू आणायची तर आम्ही दोन आणतो. तरी मोठी अशी आणि धाकटा असा कसा?"

हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे सतत येतात. कधी मोठा अबोल आणि धाकटी भांडखोर असते, कधी मोठी रागीट आणि धाकटा चिकटू. यावेळचे आईबाबा कराडजवळच्या एका गावातून आले होते. वडील कारखान्यात नोकरीला, आई घरी शिलाई करते. नावं आणि ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत. मुलगी सई आठवीत, मुलगा पार्थ पाचवीत. तक्रार पार्थची होती. दोघांचंही त्या वर्षी शिष्यवृत्ती परीक्षेचं वर्ष. सईनं पाचवीत शिष्यवृत्ती मिळवलेली, पेपरात फोटो छापून आलेला. पार्थ मात्र सराव परीक्षेत पहिलं पान सोडवायचा आणि पुढची पानं कोरी ठेवायचा. शिक्षक म्हणाले, "सईचा भाऊ ना तू? मग असं कसं?" आई म्हणाली, आळस. वडील म्हणाले, धाकटी पोरं अशीच असतात.

मी पार्थला एकट्याला बसवलं. घरात कोण कोण आहे, प्रत्येकाबद्दल एकेक वाक्य सांग म्हटलं.

"बाबा कामाला जातात. आई शिवते. ताई हुशार आहे. मी खेळकर आहे."

"खेळकर म्हणजे कसा?"

तो थोडा थांबला. "म्हणजे हुशार नाही तो."

दहा वर्षांचं पोर हे रडत किंवा चिडत सांगत नव्हतं. घराचा पत्ता सांगावा तसं सांगत होतं. मला त्याचीच काळजी वाटली. गप्पा मारता मारता मी त्याला संख्यामालिकेचे चार प्रश्न तोंडी घातले. चारही बरोबर, दोन तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत. मग विचारलं, "येतं तर पेपरात लिहीत का नाहीस?"

"लिहिलं आणि ताईपेक्षा कमी पडले तर सगळे म्हणणार, याला जमत नाही. लिहिलंच नाही, तर मी लिहिलं नाही, एवढंच होतं."

याला आळस म्हणणं मला कधीच जमणार नाही. हरण्याआधीच मैदान सोडून त्यानं स्वतःला वाचवलं होतं.

पुढच्या वेळी तो सरावाचं पुस्तक घेऊन आला. पुस्तक सईचंच. मुखपृष्ठावर तिचं नाव, त्याखाली बारीक अक्षरात त्याचं. सईनं पेन्सिलीनं उत्तरांभोवती केलेले गोल आईनं दोन दुपारी बसून खोडरबरनं पुसले होते. चांगलं पुस्तक आहे, नवं कशाला घ्यायचं, हा साधा, काटकसरी विचार. आपल्या सगळ्यांच्या घरात तो होतो. पार्थनं पान खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि मला दाखवलं, "हे बघा, ताईचं उत्तर अजून दिसतं." खरंच, कागदावर गोलांचे वळ उमटलेले होते. एका प्रश्नात त्यानं आधी तिसऱ्या पर्यायाला गोल केला होता, मग खोडून दुसऱ्याला. वळ दुसऱ्यावर होता. मी गणित करून पाहिलं. बरोबर उत्तर तिसरंच होतं. सई चुकली होती, आणि पार्थनं स्वतःचं बरोबर उत्तर खोडून तिचं चुकीचं उत्तर घेतलं होतं.

मूल 'मी कोण' हे ठरवतं तेव्हा आधी आजूबाजूला बघतं, आणि घरात सगळ्यात जवळ असतं ते भावंड. आईबाबा मोठे, त्यांच्याशी बरोबरी नाही. भावंडाशी मात्र उंचीपासून गुणांपर्यंत सगळ्याची बरोबरी होते. त्यातून शेतीची व्हावी तशी गुणांची वाटणी होते. हुशारीचा तुकडा एकीच्या नावावर चढला की दुसरा उरलेल्या जागेत घर बांधतो: खेळकर, वांड, लाडोबा, 'मला काही फरक पडत नाही' म्हणणारा. अभ्यासकांनीही हे नोंदवलं आहे की भावंडं, विशेषतः वयानं आणि लिंगानं जवळची, मुद्दाम एकमेकांपासून वेगळी होत जातात, म्हणजे तुलनाच टळते.

'धाकटी पोरं अशीच' या वडिलांच्या वाक्याला मी लगेच उत्तर दिलं. जन्मक्रमाची कल्पना आल्फ्रेड अ‍ॅडलर या मानसशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मांडली आणि ती आपल्या बोलण्यात मुरली. पण 2015 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या 20 हजारांहून जास्त लोकांची माहिती तपासली गेली, तेव्हा कितव्या नंबरचं मूल यावरून स्वभावात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. बुद्धिमापनात पहिल्या मुलांकडे झुकणारा फरक होता, पण अगदी किरकोळ. म्हणजे पार्थ धाकटा आहे म्हणून असा नव्हता. त्या घरात रोज काय बोललं जातं, ते बघायला हवं होतं.

"पण आम्ही तुलना करतच नाही," आई म्हणाली, आणि ती खोटं बोलत नव्हती. 'ताईसारखा हो' असं तिनं कधी म्हटलं नव्हतं. ती म्हणायची, "अडलं की ताईला विचार." पाहुण्यांना सांगायची, "सईचं बघावं लागत नाही, याच्या मागे लागावं लागतं." दोन्ही मुलं तिथेच बसलेली.

मग मी सईला बोलावलं. तिला का, असं वडिलांनी विचारलं, तिची तर काही तक्रार नाही! मला वाटतं, ज्या मुलाची तक्रार नसते त्याला आपण फारच उशिरा विचारतो. सई पहिली दहा मिनिटं नीट, शहाण्यासारखी बोलली. नंतर तिनं सांगितलं की गणिताच्या घटक चाचणीत तिला 20 पैकी 9 पडलेत आणि तो पेपर तिनं कपाटात स्वेटरच्या घडीत लपवलाय. "पार्थला कमी पडले तर घरात आरडाओरडा होतो आणि संपतं. मला पडले तर काय होईल तेच माहीत नाही." जाता जाता म्हणाली, "माझ्या सायकलची चेन पडली की तोच बसवतो. मला अजून नाही जमत. आई त्याला ओरडते, हात काळे केले म्हणून."

या वाक्यावर मी आईबाबांशी बराच वेळ बोलले. मुलगा घरात रोज एक काम ताईपेक्षा चांगलं करत होता आणि घराच्या लेखी ते काळे हात होते.

सुचवलं ते फार मोठं नव्हतं. पार्थला नवं पुस्तक, पहिलं नाव त्याचं. सईनं त्याचा अभ्यास घेणं बंद, कारण बहीण शिक्षक झाली की बहीण उरत नाही. 'हुशार' आणि 'खेळकर' ही विशेषणं घरातून काही महिने हद्दपार. त्याऐवजी काय केलं ते बोलायचं: आज तू दोन गणितं पुन्हा करून पाहिलीस, तू चेन बसवलीस. आठवड्यातून एकदा प्रत्येकाला एका पालकाचा एकट्याचा वेळ. पार्थ बाबांबरोबर आठवडी बाजाराला जायला लागला, हिशोब त्याच्याकडे. वर्गशिक्षकांना भेटून 'सईचा भाऊ' म्हणू नका, एवढी विनंती आईनं केली. आणि सगळं मोजून सारखं देण्याचा अट्टहास सोडा, असं मी सांगितलं. एकाला चष्मा लागला तर दुसऱ्याला घेत नाही आपण. वेगळं वागवलं तरी मुलं समजून घेतात, पण कारण सांगावं लागतं आणि ते त्यांना पटावं लागतं.

भांडणांचंही त्यांनी विचारलं. रिमोटवरून, खिडकीच्या जागेवरून होणारी भांडणं होऊ द्यावीत. माघार घेणं, अडून बसणं, समोरच्याच्या मनातलं ओळखणं मुलं तिथेच शिकतात. पण एकच मूल सतत मार खातं, घाबरतं, त्याला रोज हिणवलं जातं, तर 'भावंडं आहेत, चालायचंच' म्हणून सोडू नका. ती छळवणूक आहे आणि मोठ्यांनी मध्ये पडायचंच.

सगळं सुरळीत झालं नाही. आजीला विशेषणं सोडवेनात, दिवाळीत मामानं दोघांचे मार्क शेजारी शेजारी विचारले. पार्थनं परीक्षेतले दोन्ही पेपर शेवटच्या पानापर्यंत सोडवले, शिष्यवृत्ती मिळाली नाही. तो एक दिवस रुसून बसला. मला त्याचं बरं वाटलं, कारण आता त्याला हरल्याचं वाईट वाटू शकत होतं.

शेवटच्या भेटीत आईनं सांगितलं, सईनं तो स्वेटरमधला पेपर स्वतः काढून जेवणाच्या वेळी समोर ठेवला. कोणी काही बोलायच्या आत पार्थनं तो ओढून घेतला, दोनदा वाचला आणि म्हणाला, "ताई, हे तिसरं गणित मलाही कळत नाहीये. तू कुठे अडलीस?"