मुलांच्या कुंग फू कॉमेडीतलं वैविध्य खरं आहे की शोभेचं, हे कसं ओळखावं?

तुमची मुलगी सात वर्षांची, कुंग फूच्या जादुई आणि विनोदी मालिकांची वेडी. त्यातली वेगवेगळ्या वंशांची, वेगवेगळ्या शरीरांची पात्रं मनापासून घेतलीत की नुसती गर्दीला, असं तुम्ही विचारलंय. मी लहान मुलांना कराटे शिकवते, त्यामुळे ही पात्रं माझ्या वर्गात रोज हजर असतात. मी एकच गोष्ट बघते: हशा कुणाच्या जिवावर पिकतोय.

'अवतार: द लास्ट एअरबेंडर' (२००५ ते २००८) या ॲनिमेशन मालिकेतली टॉफ ही मुलगी घ्या. तिला जन्मापासून दिसत नाही. तळपायांना जाणवणाऱ्या कंपनांवरून ती समोरच्याची हालचाल ओळखते. तिच्यासारखे जादूने माती-दगड हलवणारे बाकीचे लोक हुंग गार या कुंग फू शैलीत लढतात. तिला मात्र दक्षिण चीनमधल्या मॅन्टिस शैलीचे पवित्रे दिलेत. तिच्यासाठी कुणीतरी एवढा वेगळा विचार केला, याचं मला फार अप्रूप वाटतं. आणि विनोद बघा. सगळे आकाशातून एक ग्रंथालय शोधत असतात, टॉफ एकदम ओरडते, "ते बघा!" सगळे वळून बघतात, तेव्हा ती स्वतःच्या डोळ्यांपुढे हात हलवून दाखवते. फजिती डोळसांची होते.

'कुंग फू पांडा'बद्दल (२००८) मात्र माझं मत अजून पक्कं होत नाही. त्यातला नायक, पो नावाचा गुबगुबीत पांडा, त्याच्या पोटावर सिनेमाभर विनोद आहेत. त्याचा गुरू शिफू त्याला खाण्याच्या ओढीतूनच शिकवतो आणि शेवटी तेच पोट शत्रूला भारी पडतं, हे खरं. पण माझ्या वर्गातल्या एका गुबगुबीत मुलाला इतरांनी 'पांडा' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा तो दोन आठवडे आलाच नाही. चिडवायचा शब्द मुलांनी लगेच उचलला होता. पो कसा जिंकला, ते मला सगळ्यांना बसवून सांगावं लागलं.

दुसरा भाग (२०११) मला जास्त जवळचा. नूडल्स विकणारा हंस आपला बाप कसा, हा पोचा प्रश्न तिथे कुणी हसण्यावारी नेत नाही. दत्तक मुलांच्या घरी तो जरूर बघावा. दक्षिण कोरियात जन्मलेल्या जेनिफर यू नेल्सन यांनी तो दिग्दर्शित केला. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओचा ॲनिमेशनपट एकटीने दिग्दर्शित करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

हशाइतकंच जिंकतं कोण, हेही बघा. 'अवतार'चं जग आशियाई आणि इन्युइट (उत्तर ध्रुवाजवळच्या मूलनिवासी) संस्कृतींवर बेतलेलं आहे. तरी त्यावरच्या २०१० च्या सिनेमात तिन्ही नायक-नायिका गोऱ्या कलाकारांना दिल्या आणि त्यांचा पाठलाग करणारा राजपुत्र झाला भारतीय वंशाचा देव पटेल. असं बघून सावळ्या मुलांनी काय समजायचं? मला त्याचा आजही राग येतो.

मोडक्या भाषेत कोडी घालणारा म्हातारा गुरू तर इतक्या ठिकाणी आलाय की तो दिसला की मी सावध होते. त्यावर उतारा म्हणून 'अवतार'मधले, त्याच राजपुत्राचे इरोह काका आहेत: चहाचे शौकीन, मिश्कील, आणि तरुण मुलगा गमावलेले.

मुलीबरोबर 'अवतार'ची मूळ मालिकाच बघा. टॉफ दुसऱ्या पर्वात येते. मुलगी खळखळून हसली की एकदा थांबवून विचारा, गंमत कुणाची झाली? माझ्या वर्गातली मुलं याचं उत्तर फार नेमकं देतात.